गिटार नवऱ्याने आणली, गाणी मात्र तिनेच लिहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवार पुरवणीत अमेरिकन कंट्री संगीतावर, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांवर, पानभर लेख आला तो वाचला. विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण मराठी पेपरात या गाण्यांबद्दल काही येणं हेच नवल, आणि आलं तरी गाडी जॉन डेन्व्हरच्या स्टेशनावर सुटते आणि तिथेच थांबते. पण त्यात लोरेटा लिनवर जो परिच्छेद आहे तो वाचून गप्प बसवेना म्हणून हे पत्र. लांबेल जरा. छापताना कापायचं तर खुशाल कापा, फक्त वयाचा आणि गाण्यांच्या हक्काचा मुद्दा तेवढा ठेवा.

परिच्छेदात काय आहे, तर कोळसा खाणीतल्या मजुराची पोरगी, तेराव्या वर्षी लग्न, नवऱ्याने गिटार आणून दिली, नशीब फळफळलं, पुढे आयुष्यावर सिनेमा निघाला. झालं. गायिका, गायिका, गायिका. ही बाई गाणी लिहायची हे कुठेही नाही हो! म्हणजे मुळात ज्या कामासाठी ती मोठी आहे तेच काम गाळून बाकी सगळं छापलंय.

आधी वयाचं बघू, कारण ते सोपं आहे. लोरेटा वेब हिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा आणि ऑलिव्हर लिनशी लग्न १० जानेवारी १९४८ ला. बोटांवर मोजलं तरी पंधरा वर्षं पूर्ण होऊन वर आठ-नऊ महिने होतात. तेरा हा आकडा तिच्याच १९७६ च्या आत्मचरित्रातून आला, सिनेमाने तो पक्का केला आणि पुढे सगळे तेच लिहीत राहिले. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसने केंटकीतला जन्मदाखला आणि लग्नाची नोंद शोधून काढली तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. पंधरा म्हणजे काही फार शहाणपणाचं वय झालं असं मला म्हणायचं नाही, नवरा एकवीसचा, सैन्यातून परत आलेला, हातभट्टीच्या धंद्यामुळे ‘मूनी’ नाव पडलेला, आणि ही घराबाहेरचं जग न बघितलेली. पण पेपरात छापायचं तर दाखल्यावरचं छापा ना. दहा वर्षांहून जास्त झाली त्या बातमीला.

आता मुख्य मुद्दा. मी चंद्रपूर जिल्ह्यातली, वडील खाणीत होते, त्यामुळे हिच्या गाण्यात काय चाललंय ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. केंटकीच्या पूर्वेला डोंगराच्या घळीत बुचर हॉलो म्हणून वस्ती, जवळचं खाणीचं गाव व्हॅन लिअर, ते कन्सॉलिडेशन कोल कंपनीने वसवलेलं. आठ भावंडं, ही दुसरी. वडील टेड वेब रात्रभर खाणीत आणि दिवसा शेतात मका खुरपायला. त्यावर तिने जे गाणं लिहिलं, ‘कोल मायनर्स डॉटर’, त्यात गरिबीचे कढ कुठेच काढलेले नाहीत, नुसत्या वस्तू आहेत. कपडे घासायच्या फळीवर आईच्या बोटांतून आलेलं रक्त. उन्हाळ्यात अनवाणी, हिवाळ्यात मात्र प्रत्येकाला कॅटलॉगमधून पोस्टाने मागवलेले नवे बूट, आणि त्या बुटांचे पैसे कुठून तर डुक्कर विकून. आता बघा, हे डुक्कर काढून टाका, गाणं तिथेच पडेल, कारण मग ‘गरिबी होती पण प्रेम होतं’ एवढंच उरतं आणि ते कोणीही लिहू शकतं. डुकराचा हिशोब त्या घरात राहिलेली पोरगीच लिहिणार. कामगारांच्या वस्तीत पैसा असाच येतो, कशाच्या तरी बदल्यात, आणि घरातल्या पोरांना तो बदला बरोबर लक्षात राहतो.

हे गाणं १९६९ मध्ये रेकॉर्ड झालं आणि वर्षभर पडून राहिलं, ऑक्टोबर १९७० ला बाहेर आलं आणि डिसेंबरात कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरला. मुळात ते बरंच लांब होतं. निर्माता ओवेन ब्रॅडली म्हणाला एवढं मोठं चालायचं नाही, कडवी काप, आणि तिने चारेक कडवी काढली. ती कडवी पुन्हा मिळाली नाहीत असं तीच सांगायची. मला ब्रॅडलीचा राग येत नाही, त्याचा कान पक्का होता आणि तीन मिनिटांचा रेडिओ ही त्या काळची वस्तुस्थिती होती, पण त्या चार कडव्यांत काय असेल हा विचार गाणं लागलं की दरवेळी येतोच. वडिलांनी यातलं काही ऐकलं नाही, ते १९५९ मध्येच गेले, हिची पहिली रेकॉर्ड १९६० ची.

लिहायला ती शिकली कशी हे लेखात यायला हवं होतं. लग्नानंतर नवरा तिला घेऊन थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात कॅनडाच्या सीमेजवळ कस्टर म्हणून गाव आहे तिथे गेला. विशीला टेकली तेव्हा पदरी चार पोरं. लोकांची धुणी, स्ट्रॉबेरी तोडायची मजुरी, हातावर पोट. १९५३ च्या सुमाराला नवऱ्याने सिअर्समधून सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणली हे खरं आहे, आणि कबूल, ती पोरांना गाऊन झोपवते ते ऐकून हिच्या गळ्यात काहीतरी आहे हे सगळ्यात आधी त्यालाच कळलं. पण गिटार हातात आली म्हणजे गाणं येतं का? ‘कंट्री साँग राउंडअप’ नावाचं मासिक असायचं, त्यात गाण्यांचे शब्द छापून यायचे. ते वाचून वाचून तिने गाण्याचा साचा ओळखला, कडवं कुठे संपतं, ध्रुवपद कुठे परत येतं, यमक कुठे बसतं. शिक्षण गावच्या एका खोलीतल्या शाळेचं. गुरू नाही, क्लास नाही, दुपारी पोरं झोपली की मासिक आणि गिटार. मग तिथल्या एका बाईला नवऱ्याने टाकलेलं, ती क्लबात बसून बिअर पीत रडायची, तिच्यावर हिने गाणं केलं, ‘हॉन्की टॉन्क गर्ल’. पहिली रेकॉर्ड तीच, झिरो रेकॉर्ड्स म्हणून छोटी कंपनी होती त्यांच्याकडून. जाहिरातीला पैसे नाहीत, म्हणून नवऱ्याने हिचा फोटो स्वतःच काढला, रेकॉर्डसोबत रेडिओ स्टेशनांना पोस्टाने पाठवला आणि मग दोघं गाडीत बसून गावोगावच्या स्टेशनांवर जाऊन डीजेंच्या समोर उभे. गाडीतच झोपायचं, ब्रेडमध्ये घालून काहीतरी खायचं. गाणं १४ व्या नंबरपर्यंत चढलं आणि ऑक्टोबर १९६० मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीवर, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या पंढरीतच म्हणा, ती उभी राहून गायली. दोन वर्षांनी तिथली रीतसर सदस्य झाली.

तेव्हा नवऱ्याला श्रेय द्या, भरपूर द्या, पण पोस्टमनचं आणि ड्रायव्हरचं द्या, कवीचं नको. कवीचा कच्चा माल मात्र तो होता हे खरं! पिणं, बाहेरच्या भानगडी, आणि तरी १९९६ मध्ये तो जाईपर्यंत संसार टिकला, अठ्ठेचाळीस वर्षांहून जास्त. ‘दारू पिऊन घरी येऊ नकोस’ हे गाणं हिने बहिणीबरोबर लिहिलं ते १९६७ ला तिचं पहिलं नंबर एक झालं. पुढच्या वर्षीचं ‘फिस्ट सिटी’ तर सरळ नाव न घेता गावातल्या एका बाईला दम आहे, माझ्या माणसाच्या वाटेला गेलीस तर झिंज्या धरून उचलीन अशा भाषेत, आणि तेही नंबर एक. घरातली भांडणं घरात ठेवायची हा नियम तिकडच्या खेड्यातही होताच की, हिने ती थेट नॅशव्हिलच्या स्टुडिओत नेली आणि वर नवऱ्यालाच मॅनेजर ठेवला.

एक किस्सा मला फार आवडतो. शोच्या आधी एक बाई हिच्याकडे रडत आली, नवरा शोला आलाय पण बरोबर दुसरीच आहे आणि ती दुसरी पुढच्या रांगेत बसलीय. हिने पडद्याआडून त्या दुसरीला वरून खाली न्याहाळलं आणि रडणारीला म्हणाली, छे, तुझा नवरा पळवण्याइतकी ती बाईच नाही! म्हणाली आणि तिथेच ड्रेसिंग रूममध्ये गाणं लिहून मोकळी झाली. १९६६ मध्ये ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. किस्सा तिनेच सांगितलेला, त्यामुळे तिखटमीठ थोडं धरूनच चाला, पण गाण्याची रीत त्यातून दिसते. तोंडून निघालेलं वाक्य तिने जसंच्या तसं गाण्यात ठेवलं, सजवत बसली नाही. तोवर कंट्रीतल्या बहुतेक बायका पुरुषांनी लिहिलेलं दुःख गायच्या, नवरा गेला, मी खिडकीत बसले. हिच्या गाण्यातली बाई खिडकीत बसत नाही, दार उघडून बाहेर येते.

आता हक्काचं, हे नीट वाचा. अमेरिकेत एक गंमत आहे, तिथे साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गाणाऱ्याला छदाम मिळत नाही, पैसे जातात गाणं लिहिणाऱ्याला आणि त्या गाण्याच्या प्रकाशकाला. तेव्हा गाणं कोणी लिहिलं हा प्रश्न नुसता मानाचा नाही, पोटाचाच आहे. लोरेटाला नॅशव्हिलमध्ये विल्बर्न बंधूंनी आधार दिला, त्यांचा टीव्ही शो होता, त्यात तिला कायम गायला लावलं. तिची नमुन्याची टेप घेऊन ते डेक्का या रेकॉर्ड कंपनीत ब्रॅडलीकडे गेले, त्याला टेपवरचं गाणं पाहिजे होतं ब्रेंडा ली या गायिकेसाठी, नवी गायिका नकोच होती. विल्बर्न म्हणाले गाणं घ्यायचं तर हिलाही करारात घ्या. असा तो डेक्काचा दरवाजा उघडला. उपकार मोठेच. पण त्याच विल्बर्नांची शुअर-फायर म्हणून गाण्यांची प्रकाशन कंपनी होती आणि हिने लिहिलेली गाणी तिकडे जायची. पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्याशी वाजलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षानुवर्षं चालल्या. ती बाहेर पडली, पण नवीन लिहावं तर ते पुन्हा त्यांच्याच खात्यात जाणार म्हणून हिने लिहिण्याचा हात आखडता घेतला आणि दुसऱ्यांची गाणी जास्त गायला लागली. विचार करा, ऐन भरात असलेली लेखिका, आणि लिहावं की नाही याचा निर्णय वकिलाच्या कागदावर. तुमच्या लेखात सत्तरच्या दशकाबद्दल ‘यशाचं शिखर’ एवढंच आहे. शिखर होतंच, १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई, कॉनवे ट्विटीबरोबरची युगुलगीतं धो धो चाललेली, ग्रॅमीसुद्धा मिळालेलं. पण आतून हे चाललं होतं. आपल्याकडेही सिनेमाच्या गाण्यांत गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा कायद्याने पक्का व्हायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली, तोवर एकदा पैसे घेतले की विषय संपला असाच मामला होता. म्हणून म्हणते, लिहिणाऱ्याचं नाव गाळणं ही काही बारीक चूक नाही.

‘द पिल’ या गाण्यावर लेखात दोन ओळी आहेत त्या बऱ्या आहेत, फक्त त्यात ते तिनेच लिहिल्यासारखं वाटतं. नाही. ते दुसऱ्यांचं आहे. मी तिची बाजू घेऊन भांडतेय म्हणून दुसऱ्यांचं तिच्या नावावर कसं खपवू? आणि हिने गायलेलं ‘वन्स ऑन द वे’ हेही शेल सिल्व्हरस्टीन या गीतकाराचं. पण ‘द पिल’ गाण्याची हिंमत मात्र तिचीच. दरवर्षी पाळणा हलणाऱ्या घरातली बायको नवऱ्याला सांगते की आता संततिनियमनाची गोळी आलीय, आता माझी मर्जी. रेकॉर्ड केलं १९७२ ला, कंपनीने बाहेर काढलं १९७५ ला, म्हणजे कंपनीचीच मधली वर्षं फाटली होती म्हणायला हरकत नाही. कित्येक रेडिओ स्टेशनांनी वाजवायचं नाकारलं, तरी कंट्रीच्या यादीत पाचव्या नंबरला गेलं आणि पॉपच्या यादीतही शिरलं. केंटकीत एका पाद्रीबाबाने चर्चमध्ये गाण्याविरुद्ध प्रवचन झोडलं, परिणाम एवढाच की ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही रेकॉर्ड शोधायला लागले. खेड्यातले डॉक्टर तिला भेटून सांगायचे की आमच्या पत्रकांनी झालं नाही ते तुझ्या गाण्याने झालं, म्हणजे बायका गोळीबद्दल उघड विचारायला लागल्या. सहा मुलांची आई, शेवटची तर जुळी, त्यामुळे ती हे गाते तेव्हा कोण काय बोलणार.

आणि तुमच्या लेखकाने तिला ‘स्त्रीमुक्तीची गायिका’ म्हटलंय तिथे मी जरा थांबले. तिला स्वतःला हे बिरुद कधी मानवलं नाही. डेव्हिड फ्रॉस्टच्या टीव्ही शोवर स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन स्त्रीमुक्तीवर बोलत होत्या आणि ही शेजारी बसून चक्क झोपून गेली, हाही तिनेच सांगितलेला किस्सा. राजकारणात थोरल्या बुशसाठी प्रचार केला, २०१६ मध्ये ट्रम्पच्या बाजूने उभी राहिली. मला ते पटत नाही, पण म्हणून ते झाकायचं कशाला? व्हिएतनाम युद्धात नवरा गेलेल्या बाईचं तिने लिहिलेलं गाणं १९६६ मध्येच बाहेर आलं होतं, आणि तरी ती युद्धविरोधी मोर्च्यातली नव्हती. डिसेंबर १९७० च्या शेवटी केंटकीत हायडनजवळ खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार गेले तेव्हा तिने लुईव्हिलला मोठा मदतीचा कार्यक्रम उभा केला, त्यांच्या पोरांसाठी. एका चौकटीत बसवायला गेलं की ही बाई दुसऱ्या बाजूने बाहेर येते, तेव्हा चौकट जरा मोठी करा किंवा करूच नका.

गायिका पॅट्सी क्लाइनची मैत्री, पॅट्सीचा जीव घेणारा १९६३ चा विमान अपघात, जुळ्यांतल्या एकीचं नाव पॅट्सी ठेवणं, १९८४ मध्ये मुलगा नदीत बुडून गेला ते, सिनेमात लोरेटा झालेल्या सिसी स्पेसेकचं ऑस्कर, हे सगळं लेखात आहे किंवा सहज सापडतं, त्यावर मी शाई घालवत नाही.

पण २००४ सालचा अल्बम गाळणं अक्षम्य आहे. ‘व्हॅन लिअर रोझ’. बाई बहात्तर वर्षांची, नवरा गेलेला, नॅशव्हिलने केव्हाच बाजूला काढलेली, आणि द व्हाइट स्ट्राइप्सचा जॅक व्हाइट, तेव्हा तिशीच्या आतला रॉकवाला पोरगा, तिला म्हणतो तुमची स्वतः लिहिलेली गाणी काढा. आणि बाईंकडे गाणी होती! सगळा अल्बम तिच्याच लेखणीचा. नवऱ्याच्या माघारी ‘सौ.’ असण्याची सवय कशी सुटत नाही यावर एक गाणं आहे, नुसती गिटार आणि आवाज, आवाज थोडा खरखरीत, आणि ते खरखरीतपण जॅक व्हाइटने पुसायचा प्रयत्न केला नाही हे त्याचं मोठेपण. त्याच अल्बमला दोन ग्रॅमी. पुढे २०१३ मध्ये ओबामांच्या हातून प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, २०१७ ला पक्षाघात झाला तरी २०२१ मध्ये आणखी एक अल्बम, आणि ४ ऑक्टोबर २०२२ ला टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या घरी झोपेत गेली. नव्वद वर्षं. तुमच्या लेखात तिची गोष्ट १९८० च्या सिनेमापाशी संपते. त्यानंतर बेचाळीस वर्षं जगली हो ती.

माझं मागणं मोठं नाही. आमच्या लहानपणी आकाशवाणीवर निवेदिका गाणं लावायच्या आधी गीतकार, संगीतकार, गायक तिन्ही नावं सांगायच्या, त्यामुळे शाळेत न गेलेल्या आमच्या आजीलाही कुठलं गाणं कोणाचं ते पाठ होतं. लेखाच्या शेवटी ‘ऐकावीत अशी गाणी’ म्हणून तुम्ही चौकट दिलीय त्यात नुसती गाण्याची नावं आणि पुढे गायक. पुढच्या रविवारी अर्धा इंच जागा काढून दुरुस्ती छापा: ‘कोल मायनर्स डॉटर’ आणि ‘फिस्ट सिटी’ समोर गीत लोरेटा लिन, ‘दारू पिऊन घरी येऊ नकोस’वाल्या गाण्यासमोर लोरेटा आणि तिची बहीण पेगी सू, ‘द पिल’ समोर लोरीन अ‍ॅलन, डॉन मकहॅन आणि टी. डी. बेलेस. आणि जन्मसाल १९३२.

आपली,
एक नियमित वाचक
बल्लारपूर, जि. चंद्रपूर